हाक आणि हंडा

वर्तमानपत्रात 'पाचारण' हा शब्द संकटाच्या बातमीत भेटतो. आग लागली की अग्निशमन दलाला पाचारण करतात, दंगल उसळली की राखीव पोलिसांना. मराठी ख्रिस्ती घरात मात्र तो नेहमीच्या बोलण्यातला शब्द आहे. बारावी झालेला मुलगा म्हणाला, 'मला पाळक व्हायचंय', की घरातलं वडीलधारं माणूस पहिल्यांदा विचारतं, 'तुला पाचारण आहे का रे?' पाळक म्हणजे प्रॉटेस्टंट मंडळीचा, म्हणजे स्थानिक चर्चचा, धर्मसेवक. मेंढरं पाळणाऱ्यावरून आलेला शब्द. वसईकडच्या कॅथलिक घरात हाच प्रश्न फादर किंवा सिस्टर होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना विचारला जातो. हे काम मी निवडलं नाही, त्यासाठी मला बोलावलं गेलं, अशी मनाची खात्री म्हणजे पाचारण.

मी नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरात वाढलो. ही खात्री बोलून दाखवणारे किती तरी लोक पाहिले. काहींची आयुष्यभर टिकली, काहींची पहिल्या बदलीपर्यंत. दोन्ही तऱ्हा जवळून पाहिल्यावर माझं मत असं झालंय, की पाचारणाचा कस लागतो तो घरात, शेताच्या बांधावर, आणि आपल्या मुलखात तर पाण्याच्या हंड्यापाशी.

बायबलमध्ये पाचारणाच्या गोष्टी बऱ्याच आहेत, आणि त्यातले काही जण आधी टाळाटाळ करतात. मोशे म्हणतो, मला नीट बोलता येत नाही. यिर्मया म्हणतो, मी अजून पोर आहे. योना सरळ उलट्या दिशेचं जहाज पकडतो. आमोस मेंढरं राखणारा आणि उंबराची फळं गोळा करणारा, पेत्र मासेमारीच्या जाळ्यांतून उठलेला, मत्तय जकातीच्या नाक्यावरून. पण मला सगळ्यांत उपयोगाची वाटते ती शमुवेलाची गोष्ट. शिलो इथल्या मंदिरात म्हाताऱ्या एली याजकाच्या हाताखाली वाढणारा हा मुलगा. रात्री हाक ऐकू येते. त्याला वाटतं, एलीबाबांनीच बोलावलं, म्हणून तो उठून त्यांच्याकडे धावतो. असं तीनदा होतं. तिसऱ्या खेपेला एलीच्या ध्यानात येतं की ही हाक कुणाची आहे, आणि तो मुलाला सांगतो, आता हाक आली तर देवाला उत्तर दे. ऐकणाऱ्याला हाक ओळखता आली नाही, ती दुसऱ्यानं ओळखून दिली. आणि ओळखून देणारा एली काही आदर्श माणूस नव्हता. त्याचं स्वतःच्या मुलांवर नियंत्रण नव्हतं, असं ती कथाच सांगते. ख्रिस्ती परंपरेनं यातून एक नियम घेतला: एकट्याला झालेलं पाचारण मंडळीनं तपासल्याशिवाय पक्कं धरायचं नाही.

मध्ययुगात युरोपात 'बोलावलेले' म्हणजे मठात किंवा चर्चच्या सेवेत गेलेले, अशीच समजूत होती. बाकीच्यांनी शेती करावी आणि या लोकांच्या प्रार्थनेवर विसंबावं. 1520 मध्ये मार्टिन लूथरनं जर्मन सरदारांना उद्देशून जे पत्र लिहिलं, त्यात चांभार, लोहार, शेतकरी यांची नावं घेऊन म्हटलं, की प्रत्येकाला आपापलं काम आहे आणि तरीही सगळे सारखेच याजक आहेत. हा विचार प्रॉटेस्टंट जीवनाच्या मुळाशी आहे. कॅथलिक चर्चनंही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, 1964 च्या दस्तऐवजात, पावित्र्याची हाक प्रत्येक बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला आहे, असं स्पष्ट मांडलं.

लूथरच्या त्या चांभाराचा मराठीशी एक संबंध आहे. विल्यम कॅरी इंग्लंडातल्या नॉर्थॅम्प्टनशायरमधला जोडे शिवणारा. लहानशा मंडळीचा पाळक झाल्यावरही त्याचं जोडे शिवणं चालूच होतं. काम करताना समोर भिंतीवर हातानं काढलेला जगाचा नकाशा असे. 1793 मध्ये तो बंगालात आला, आधी नीळ कारखान्यात नोकरी केली, मग बंगालातल्याच श्रीरामपूरला छापखाना काढला. तिथून 1805 मध्ये त्याचं मराठी व्याकरण आणि 1810 मध्ये मराठी शब्दकोश निघाला. पंडित वैजनाथ शर्मा यांच्या मदतीशिवाय ते झालं नसतं. आज महाराष्ट्रातले बरेच पाळक ज्या पदव्या घेतात, त्या 1818 मध्ये सुरू झालेल्या त्याच श्रीरामपूर कॉलेजच्या नावानं मिळतात.

आता घरात येऊ.

माझी आजी कोंबड्या पाळायची. अंडी विकून मीठमिरची आणायची. दर दहा अंड्यांतल्या एका अंड्यावर ती चुलीतल्या कोळशानं बारीक रेघ ओढायची. ते अंडं मंडळीचं. शनिवारी रेघवाली अंडी वेगळी विकून पैसे पत्र्याच्या डबीत पडायचे, आणि रविवारी ती डबी उपासनेत थैलीत रिकामी व्हायची. याला दशमांश म्हणतात, उत्पन्नाचा दहावा भाग. घरात पाहुणा आला आणि अंडी कमी पडली, तर आजी आमच्या ताटातलं अंडं काढायची, रेघवालं काढायची नाही. मला त्याचा राग यायचा. तिला लिहितावाचता येत नव्हतं, प्रवचन तिनं कधी दिलं नाही, पण जे आहे ते आपलं नाही, सांभाळायला दिलेलं आहे, हा विचार मी तिच्या कोळशाच्या रेघेतून शिकलो. ख्रिस्ती धर्मशिक्षणात याला 'कारभारीपण' म्हणतात. पुढं मोठमोठी पुस्तकं वाचली तेव्हा त्यांत याहून नवं फारसं सापडलं नाही.

दिवसाची घडीही अशीच. सकाळी वचन वाचायचं, जेवणाआधी आभाराची प्रार्थना, रात्री सगळ्यांनी बसून एक गीत आणि प्रार्थना. प्रार्थनेत गल्लीतला आजारी माणूस, परीक्षेला बसलेली पोरं, न पडणारा पाऊस, सगळे येतात. नगरकडे पीक घरात आलं की सुगीच्या उपासनेला वेदीपुढे ज्वारीची कणसं, भोपळे, कांदे, गूळ यांची रास लागते. उपासना संपली की त्याचा लिलाव होतो आणि दहा रुपयांचा भोपळा शंभराला जातो. वसईत चाळीस दिवसांच्या उपवासकाळात लग्नकार्य टाळतात, शुक्रवारी मांस वर्ज्य करतात. नाताळला करंज्या आणि लाडवांची ताटं शेजारी जातात. दिवाळीला तिकडून आलेली असतात.

या सगळ्या सवयींच्या मध्यभागी एक अवघड गोष्ट आहे, ती म्हणजे क्षमा. येशूची शिकवण आहे की अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि भावाचं तुझ्याविषयी काही गाऱ्हाणं आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. हे वाचायला सोपं आहे. माझ्या माहितीतल्या एका मंडळीत दोन सख्खे भाऊ बांधावरून भांडले. हातभर जमीन, पण प्रकरण तहसीलपर्यंत गेलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी. धाकटा उठून पुढं गेला, थोरला बाकावर मान खाली घालून बसून राहिला. पुढच्या महिन्यात तेच. पाळकांनी व्यासपीठावरून त्यावर अवाक्षर काढलं नाही. मात्र दर शनिवारी संध्याकाळी ते थोरल्याच्या ओट्यावर जाऊन बसायचे. कांद्याचा भाव, बैलाचा पाय, असल्या गप्पा, चहा, शेवटी दोन मिनिटं प्रार्थना. नवव्या की दहाव्या शनिवारी थोरला म्हणाला, 'पाळकसाहेब, धाकट्याला तुमच्यासोबत बोलवा एकदा.' बांधाचा निकाल पुढं मोजणीदारानं लावला. भाऊ त्याआधीच बोलायला लागले होते. त्या पाळकांना पाचारण आहे का, असा प्रश्न त्यानंतर गावात कुणी विचारला नाही.

मराठी मुलखात श्रद्धा आणि पाचारण यांची सगळ्यांत प्रामाणिक कहाणी शोधायची तर ती टिळकांच्या घरात सापडते. नारायण वामन टिळक, 1861 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्मलेले चित्पावन ब्राह्मण, कवी. राजनांदगावकडे जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन सहप्रवाशानं त्यांना बायबलचा नवा करार भेट दिला. पुढं ते वाचत गेले, वाद घालत गेले, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते म्हणत. 1904 मध्ये त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली. नगरला ते अमेरिकन मराठी मिशनच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवत, 'ज्ञानोदय' या नियतकालिकाचं संपादन करत. आजही मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात मोठा वाटा त्यांच्या पदांचा आहे.

हे झालं व्यासपीठावरचं. घरात काय झालं, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला कळतं. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तो बायकोच्या संमतीविना. काही वर्षं नवराबायकोची ताटातूट झाली. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन पंढरपूरला राहिल्या. पुढं त्या नवऱ्याकडे परतल्या, पण सोवळं तसंच ठेवून. चूल वेगळी, पाणी वेगळं. एका घरात दोन हंडे. टिळकांच्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे, पण माझ्या मते त्यांच्या पाचारणाचा खरा तपास या दुसऱ्या हंड्यापाशी झाला. तो हंडा त्यांनी फोडला नाही, हलवायलाही लावलं नाही. बायकोला तिच्या वेळेनं तिचं ठरवू दिलं.

आणि लक्ष्मीबाईंनी ठरवलं ते कुणाचं प्रवचन ऐकून नव्हे. त्या स्वतःशीच विचार करत बसल्या की ही जातीची उतरंड देवानं केली की माणसानं? जन्म, मरण, भूक, रक्त, सगळ्यांचं सारखंच, मग शिवाशिव देवाची कशी? एकदा मनाचा निकाल लागला तसं त्यांनी कुणाच्याही हातचं पाणी पिणं, कुणाच्याही हातचं खाणं सुरू केलं. बाप्तिस्मा नंतर, 1900 मध्ये. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. पाण्याच्या हंड्याचा प्रश्न आधी सुटला, धर्मांतराचा विधी मागून आला. त्याच सुमाराला राहुरीत दुष्काळातली अनाथ मुलं त्यांच्या घरी आली. या बाईंनी त्यांना जेवू घातलं, न्हाऊ घातलं, आपल्याच मुलांसारखं दटावलंही. बालकवी ठोंबरे नगरला याच घरात राहिले, हिंदू राहूनच.

1917 मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले येशूचे शिष्य तिथं एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती. दोन वर्षांत, 9 मे 1919 रोजी, ते गेले. त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुढं नेलं. दीक्षा टिळकांची झाली होती. सेवा दोघांची चालली.

दीक्षा कशी मिळते हेही थोडक्यात सांगायला हवं. प्रॉटेस्टंटांत स्थानिक मंडळीची शिफारस, बिशप किंवा समितीपुढं मुलाखत, पुण्यासारख्या ठिकाणच्या धर्मविद्यालयात काही वर्षांचा अभ्यास, मग प्रत्यक्ष कामाचा उमेदवारीचा काळ. 1970 मध्ये नागपुरात स्थापन झालेलं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्त्रियांनाही पाळकपदाची दीक्षा देतं. कॅथलिकांत सेमिनरी, तत्त्वज्ञान, ईशज्ञान, असा बराच लांब पल्ला आणि शेवटी बिशपांच्या हातून गुरुदीक्षा. त्या विधीत एक क्षण असा येतो की उमेदवार जमिनीवर पालथा, दंडवत पडून राहतो आणि वर सगळी मंडळी संतांच्या नावांची प्रार्थना म्हणत असते. मग बिशप डोक्यावर हात ठेवतात, तळव्यांना तेल लावतात. त्याआधी विचारलेलं असतं, हा माणूस लायक आहे का? विधीआधी नावही जाहीर होतं, कुणाला काही अडचण ठाऊक असेल तर सांगावी म्हणून. शमुवेलाची हाक एलीनं ओळखून द्यायची, तो नियम असा अजून पाळला जातो.

पंडिता रमाबाईंना मात्र अशी दीक्षा कुणी दिली नाही. त्या काळी स्त्रीला ती मिळण्याजोगी नव्हतीच. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतलेल्या या बाईंनी पुढं स्वतःच लिहिलं, की धर्म तेव्हा मिळाला पण ख्रिस्त सापडायला आणखी सुमारे आठ वर्षं गेली. मध्य प्रांतातल्या दुष्काळातून त्यांनी मुली उचलून आणल्या, दौंडजवळ केडगावला 'मुक्ती' ही संस्था उभी केली, आंधळ्या मुलींसाठी 'बार्तिमी सदन' काढलं. हिब्रू आणि ग्रीक शिकून खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत अख्ख्या बायबलचं भाषांतर केलं. ते केडगावच्याच छापखान्यात छापलं गेलं. काम हातावेगळं करून 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या. पूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर पडलं. सेवा आणि दीक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आमच्या मंडळ्यांना त्यांच्याइतकं ठळकपणे कुणी दाखवलं नाही.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हेही दीक्षित नव्हते. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या या जोडप्यानं लग्न करतानाच ठरवलं होतं की खेड्यातल्या गरिबांसाठी काम करायचं. नेवासा तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काम करताना त्यांना दिसलं, की बरा करून घरी पाठवलेला रोगी तोच आजार घेऊन परत येतो. मग 1970 मध्ये जामखेडला त्यांनी वेगळी सुरुवात केली. गावानं निवडलेल्या बायका, बऱ्याचशा निरक्षर, बऱ्याचशा दलित, यांना आरोग्याचं शिक्षण दिलं. प्रशिक्षणाला आलेल्या बायकांनी एकत्र राहायचं, एकत्र जेवायचं. पहिल्या दिवसांत ते जड गेलं. जातीच्या सवयी ताटापाशी बसतानाच जाग्या होतात. पाण्याचंही तसंच. दुष्काळात बोअरवेल घ्यायच्या झाल्या तेव्हा हातपंप दलित वस्तीत बसतील असं त्यांनी पाहिलं, म्हणजे पाण्यासाठी गावाला तिथं यावं लागेल. 1979 मध्ये दोघांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण मला आठवतो तो हातपंप. येशूनं विहिरीपाशी शोमरोनी बाईकडं पाणी मागितलं, तेव्हा तिलाच नवल वाटलं होतं, की यहुदी माणूस आमच्या हातचं पाणी कसं मागतो. ती कथा आमच्या मंडळ्यांत वाचली जाते. जामखेडला ती हातपंपाच्या जागेत उतरली.

हे लिहिताना मला आमच्याच घरातल्या त्रुटी दिसतात, आणि त्या लपवाव्यात असं वाटत नाही. प्रभुभोजनाला आम्ही शेजारी शेजारी बसतो, पण लग्न जमवताना 'आपल्यातलेच आहेत ना?' हा प्रश्न अजून विचारला जातो, आणि त्या 'आपल्यात' जात दडलेली असते. पाळकाच्या जागेसाठी ओळखी लावल्या जातात. घर आणि पगार यांची हमी म्हणून पाचारण सांगणारे उमेदवार मी पाहिलेत, आणि त्यांना कळूनही पुढं जाऊ देणाऱ्या समित्याही पाहिल्यात. दुसरीकडं, सहा गावांची मंडळी सांभाळणाऱ्या पाळकाला पगार तीन-तीन महिने न देणारी आमचीच माणसं आहेत. प्रेषित पौल करिंथला अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबू शिवून पोट भरत होता, हा दाखला अशा वेळी हमखास पुढं केला जातो. पौलानं ते स्वतः होऊन केलं होतं. दुसऱ्यावर लादायला ते उदाहरण वापरणं चूक आहे.

म्हणून मंडळीच्या समितीवर बसणाऱ्या माझ्या भाऊबहिणींना एक विनंती आहे. पुढच्या वेळी एखादा मुलगा किंवा मुलगी पाचारण झाल्याचं सांगत आली, तर कार्यालयातली मुलाखत घ्या, वचनं पाठ आहेत का तेही पाहा. पण त्याआधी एकदा न कळवता तिच्या घरी जा. आईला विचारा, धाकट्या भावाशी भांडण झालं की आधी कोण बोलतं. शेजाऱ्याला विचारा, गल्लीत कुणी दगावलं तर हे पोर किती वाजेपर्यंत तिथं असतं. घरातला हंडा कुणाकुणासाठी उघडा आहे, तेही पाहा. आणि त्या घरचं पाणी पिऊन या.